कारण कळून काय करणार?

मागच्या श्रावणातला शुक्रवार. आमच्या महिला समुपदेशन केंद्रात त्या दिवशी फारशी वर्दळ नव्हती. सणावाराच्या दिवसांत बायकांना स्वतःची दुखणी सांगायलाही सवड नसते! दुपारी दोनच्या सुमारास एक वहिनी आल्या. ओळखीच्याच. आमच्या बचत गटाचे हिशेब गेली सहा वर्षं त्याच ठेवतात, एका पैची चूक नाही. सकाळी जिवतीची पूजा करून, पुण्याला असलेल्या लेकाच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकून आल्या होत्या. बसल्या, उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. बाकीच्या दोघी-तिघी गेल्यावर दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, माझं काय चुकलं ते सांगा."

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हे सगळं त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

मुलगा चोवीस वर्षांचा. इंजिनिअर. नोकरी लागून दोन वर्षं झालेली, त्यामुळे घरात स्थळांची चर्चा सुरू झाली. दोन-तीन स्थळं त्याने काही ना काही सांगून टाळली. शेवटी एका रविवारी घरी आला, रात्री स्वयंपाकघरात आईजवळ बसला आणि म्हणाला, "आई, मला मुलगी बघू नका. मला मुलींविषयी तसं काही वाटत नाही. मुलांविषयी वाटतं. आधीपासूनच." एवढं बोलून तो रडला. त्या मात्र रडल्या नाहीत. त्या रात्रीपासून शोध घेत बसल्या... हे कशामुळे झालं?

त्यांनी माझ्यापुढे यादीच मांडली. पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली होती. तीन मुलींच्या पाठीवर झालेला, बहिणींच्या गराड्यात वाढला. लहानपणी रांगोळी सुरेख काढायचा, मी कौतुक केलं. अकरावीला हॉस्टेलवर ठेवला. मोबाइल लवकर घेऊन दिला. बाप सतत फिरतीवर, मीच वाढवला. "यातलं नेमकं काय नडलं, ताई?"

मैत्रिणींनो, या यादीत एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. सगळ्या वाटा फिरून आईपाशीच येतात. बाप फिरतीवर होता, हाही दोष शेवटी आईच्याच खात्यात. आपल्या घरांमध्ये 'हे का झालं?' या प्रश्नाचा खरा अर्थ 'हे कुणामुळे झालं?' असा असतो. आणि उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं.

मला त्यांची फार दया आली. त्यांच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी चटकन म्हणाले, "वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही. हे जन्मजातच असतं. त्याला तो तरी काय करणार आणि तुम्ही तरी काय करणार?" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझा हात हातात घेऊन त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. मी घरी आले ती अगदी समाधानाने. आज एका आईला धीर दिला म्हणून!

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. माझं वाक्य त्यांनी घरी जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "जन्मजात ना? मग हे तुझ्याच माहेरचं. तुझा तो मामा बिनलग्नाचा राहिला, तो काय उगीच?" आणि यजमान म्हणाले, "जन्मजात म्हणजे रोगच की. हृदयाला भोक असलं तर ऑपरेशन करतो ना आपण? मग यावरही इलाज असेलच." कुणीतरी शहरातल्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. मुलाला काही न सांगता बोलावून घेतलं, त्याला तिथे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, वर 'लग्न करून टाका, आपोआप ठीक होईल' असा सल्ला दिला. मुलगा दवाखान्यातूनच परस्पर एस.टी. स्टँडवर गेला. तेव्हापासून फोन उचलत नाही.

मी सुन्न झाले. मी धीर म्हणून दिलेला शब्द फिरून त्या माउलीवर आणि तिच्या लेकरावरच उलटला होता. चूक कुठे झाली? मी खोटं बोलले होते का?

मी काही डॉक्टर नाही, बी.ए. झालेली बाई आहे. पण ज्या विषयावर आपण दुसऱ्याला सल्ला देतो, त्यावर चार पानं तरी वाचली पाहिजेत. तेव्हा वाचली. शास्त्रज्ञ गेली शंभर-सव्वाशे वर्षं याचं कारण शोधताहेत. १९९१ मध्ये मेंदूच्या एका भागात फरक दिसल्याचा अभ्यास आला, १९९३ मध्ये एका जनुकाच्या जागेची चर्चा झाली. पाठीवर पाठ मुलगे झालेल्या घरात धाकट्या मुलग्यांमध्ये समलिंगी कल असण्याची शक्यता थोडी वाढते, असंही दिसलं आहे. मग २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतल्या लोकांचा. त्याचा निष्कर्ष असा, की 'हाच तो' म्हणावा असा एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे, पण सगळं काही जनुकांवर ठरत नाही. एकसारख्या जुळ्या भावांमध्ये एक समलिंगी आणि दुसरा नाही, असंही होतं.

म्हणजे 'जन्मजात' हा माझा शब्द अगदीच खोटा नव्हता, पण मी मारे छातीठोकपणे बोलले तितका सरळही नव्हता. दुसऱ्या बाजूने, आईच्या वळणामुळे, लाडामुळे किंवा रांगोळीमुळे मुलगा समलिंगी होतो, याला काहीही आधार सापडलेला नाही. आणि 'त्याने मुद्दाम ठरवलं' असं म्हणाल, तर आपण आपल्यालाच विचारून पाहावं. शाळेत असताना वरच्या वर्गातला एखादा मुलगा दिसला की छातीत धडधडायचं, ते आपण ठरवून केलं होतं का?

पण वाचता वाचता मला दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. समजा, उद्या कारण अगदी पक्कं सापडलं. सगळ्या जगाने मान्य केलं. तरी त्या वहिनींच्या घरात काय बदललं असतं?

आपल्याच अनुभवावरून बघा. मुलगी ही मुलगी म्हणूनच जन्माला येते. यात कुणाचं दुमत आहे का? मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हेही शाळेच्या पुस्तकात असतं. म्हणून मुलींना गर्भात मारणं थांबलं का? आपल्या महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, त्या ९१३ होत्या. एकट्या बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८०७ वर गेला होता. जन्मजात आहे, निसर्गाने दिलं आहे, तिचा काही दोष नाही... सगळं माहीत होतं. उलट पोटातच ओळखण्याची सोय झाली आणि त्या सोयीचंच हत्यार झालं. उद्या समलिंगी कल पोटातच ओळखणारी तपासणी खरंच निघाली, तर तिच्या दारात रांग लागणार नाही, असं तुमच्यापैकी किती जणी शपथेवर सांगाल?

जातीचंही तेच. 'जन्माने आहे, त्याला इलाज नाही' हे म्हणूनच तर माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. जन्माचा दाखला देऊन माणुसकी मिळत असती, तर आपल्या देशात कुणावर अन्याय झालाच नसता.

परदेशातही वेगळं घडलं नाही. जर्मनीत मॅग्नस हिर्शफेल्ड नावाचे एक डॉक्टर होते. समलिंगी असणं निसर्गदत्त आहे, म्हणून तो गुन्हा मानू नका, असं सांगत त्यांनी १८९७ मध्ये बर्लिनमध्ये संस्था काढली आणि आयुष्यभर झगडले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांची संशोधन संस्था लुटली, पुस्तकं रस्त्यावर जाळली. पुढे कितीतरी समलिंगी पुरुषांना छातीवर गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत डांबलं. इंग्लंडमधले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला मदत केली. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांसाठी त्यांना दोषी ठरवलं, आणि तुरुंग टाळायचा तर शरीरात संप्रेरकं टोचून घ्या, असं सांगितलं. कारण 'बिघाड शरीरात आहे' अशीच समजूत होती. दोन वर्षांत ते गेले, जेमतेम एकेचाळीस वर्षांचे.

म्हणजे बघा, शरीरात कारण आहे म्हटलं की लोक औषध शोधतात. संगोपनात आहे म्हटलं की आईला धरतात. त्याच्या मर्जीत आहे म्हटलं की त्याला मारतात. तीन उत्तरं, आणि तिन्ही उत्तरांनी त्या लेकराच्या वाट्याला काय आलं? म्हणून म्हणते, अडचण उत्तरात नाही. 'यात काहीतरी वाईट आहे' असं धरूनच आपण प्रश्न विचारतो, तिथे अडचण आहे. एखादं मूल डावखुरं का झालं, हेही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. आमच्या लहानपणी डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांच्या बोटांवर पट्ट्या बसायच्या. आता बसत नाहीत. डावखुरेपणाचं कारण सापडलं म्हणून का? नाही. त्यात वाईट काही नाही, हे आपल्याला पटलं म्हणून.

आता दुसरी बाजू. समजा हे जन्मजात नसलंच, मोठेपणी घडलं, किंवा कुणी अगदी समजून-उमजून ठरवलं, तर हक्क कमी होतात का? आपल्या घटनेचं पंधरावं कलम काढून बघा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करू नये, असं त्यात म्हटलं आहे. यातली जात आणि जन्मस्थान आपल्या हातात नाहीत. पण धर्म? तो तर बदलता येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी तो विचारपूर्वक बदलला. म्हणून या कलमाचं त्यांचं संरक्षण कमी झालं नाही. आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्न तर पूर्णपणे मर्जीचाच मामला, त्यासाठी १९५४ पासून विशेष विवाह कायदा आहे. 'तुमचं प्रेम जन्मजात आहे का?' असं रजिस्ट्रार विचारत नाहीत.

यावर आमच्याच भिशीतल्या एका मैत्रिणीने मला अडवलं. म्हणाली, "कारण बघायचंच नाही म्हणतेस. मग उद्या कुणी काहीही करेल आणि म्हणेल, मला असंच वाटतं!" प्रश्न रास्त आहे. पण तिथेही कारणाचा काही उपयोग नाही, हेच मला सांगायचं आहे. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा तापटपणा जन्मजात आहे असं सिद्ध झालं, तर आपण त्याला माफ करू का? लहान मुलांना त्रास देणाऱ्याने 'माझी वृत्तीच तशी' म्हटलं, तर सोडून देऊ का? मुळीच नाही. तिथे आपण बघतो, की समोरच्याची मर्जी होती का, कुणाला इजा झाली का. मग दोन सज्ञान माणसं, दोघांच्या राजीखुशीने, कुणाला इजा न करता एकमेकांना धरून राहत असतील, तर तिथेही हाच काटा लावा. वजन करायचा काटा एकच असावा, नाही का?

'हे सगळं मोबाइलमधून आलं' असंही त्या वहिनींना वाटत होतं. मोबाइल यायच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचक त्यांना लैंगिक आयुष्यातल्या खासगी अडचणी विचारत आणि ते छापून उत्तरं देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू वकील म्हणून डॉ. आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, पण उभे राहिले. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, त्याची नायिका अशीच एक मुलगी होती. माणसं होतीच. बोलायची सोय नव्हती.

कायद्याचं म्हणाल, तर इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम दीडशे वर्षांहून जास्त काळ डोक्यावर होतं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत, असं ठामपणे सांगितलं. तेव्हा 'पोलीस धरतील' ही भीती आता नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा कल 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. म्हणजे त्या मुलाला ज्या दवाखान्यात नेलं, तिथे चूक त्याच्यात नव्हती, त्या चिठ्ठीत होती. लग्नाचा हक्क मात्र अजून नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो संसदेवर सोडला. तेव्हा कायद्यानेही सगळं दिलेलं नाही, आणि घराने द्यायचं ते तर कुठलाच कायदा देऊ शकत नाही.

एक गोष्ट आपण बायकांनी तरी विसरू नये. 'लग्न करून टाका, ठीक होईल' या सल्ल्यात एक मुलगी फुकट जाते. आमच्या केंद्रात पूर्वी अशी एक जण आली होती. लग्नाला आठ वर्षं झालेली, नवऱ्याने एकदाही जवळ केलं नव्हतं. आठ वर्षं गावाने तिला वांझ म्हटलं, सासरच्यांनी नवससायास करायला लावले, आणि ती 'माझ्यातच काही कमी असेल' म्हणत झुरत राहिली. नवरा वाईट नव्हता हो. तोही झुरतच होता. त्याच्या आईवडिलांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी बोहल्यावर चढवला. एका मुलाचं सत्य झाकायला दुसऱ्याची लेक वापरायची, याला काय म्हणायचं? तिच्याही आईने कधीतरी जिवतीपुढे तिच्यासाठी हात जोडले असतीलच ना?

दुसऱ्यांदा आलेल्या वहिनींना मी काय सांगितलं? आधी त्यांची माफी मागितली. म्हटलं, मी तुम्हाला कारण दिलं, ते द्यायलाच नको होतं. मग विचारलं, "वहिनी, समजा कारण कळलं. अगदी पक्कं कळलं. तर तुम्ही काय करणार?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "काय करणार? पोटचं पोर आहे. फोन उचलायला हवा त्याने, एवढंच." मी म्हटलं, "मग कारण न कळताही तेवढंच करायचं आहे."

त्यांनी त्या दिवशी केंद्रातूनच, माझ्या मोबाइलवरून, मुलाला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला. 'हे असं कसं झालं', 'लोक काय म्हणतील' यातलं काही त्या बोलल्या नाहीत. "जेवलास का रे?" एवढंच विचारलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "नाही अजून. तू?"

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. यजमान अजून मुलाशी बोलत नाहीत. सासूबाईंनी मामाचा विषय सोडलेला नाही. दिवाळीला तो आला, पण दोनच दिवस राहिला. वहिनी म्हणतात, "निदान आला तरी."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कधी ना कधी हा विषय निघेल. लेकाचा निघेल तसा लेकीचाही निघेल. तेव्हा चारचौघं 'का झालं' म्हणून बसतील आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्या आईकडे वळतील. तिथे तुम्ही असाल, तर एवढाच प्रश्न विचारा, "कारण कळून काय करणार आहात?" आणि मग त्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या ताटात पोळी वाढा.